बाबा बाहेर जेवतात

ट्रियर, २ जून

आसावरी,

काल दुपारी सुखरूप पोचलो असं फोनवर सांगितलंच. बाकीचं लिहून कळवतो, कारण फोन कानाला लावला की मला काही सुचत नाही.

स्टेशनवर रेणू आणि ऑलिव्हिए दोघं आले होते. त्याने बॅग घेतली आणि चक्क वाकून नमस्कार केला. उठताना त्याने रेणूकडे पाहिलं, म्हणजे शिकवणी तिचीच असावी.

रेणूच्या फ्लॅटला तीन जिने आहेत, म्हणून मी दोन गल्ल्या सोडून एका छोट्या लॉजमध्ये उतरलो आहे. इथे अशा लॉजला पेन्शन म्हणतात. त्यामुळे सध्या मी पेन्शनीत राहतो आणि पेन्शनवर जगतो. गाव फार जुनं आहे. रोमन लोकांनी बांधलेला एक प्रचंड दरवाजा अजून उभा आहे, दगड पार काळा पडलेला. त्याच्याकडे बघून मला आमचं कोराडीचं पॉवरहाऊस आठवलं. रेणूला सांगितलं तर ती म्हणाली, बाबा, हे दुसऱ्या कुणाला सांगू नका.

माझ्या जेवणाची काळजी करू नकोस. फ्रान्सची हद्द जवळ असल्यामुळे इथे फ्रेंच रेस्टॉरंटं बरीच आहेत. आल्या दिवसापासून ती एकेक करून बघायची असं ठरवलं आहे. रेणूकडून जर्मनमध्ये चिठ्ठी लिहून घेतली आहे: मांस नको, मासे नकोत, अंडं चालेल. तिथे ताटात सगळं एकदम वाढत नाहीत. एक पदार्थ येतो, मग बराच वेळ काहीच येत नाही, मग दुसरा येतो. मला हे ठाऊक नव्हतं. काल मी सूप संपवलं, पैसे ठेवले आणि निघालो, तर वेटर रस्त्यापर्यंत मागे आला. त्याला वाटलं मी रागावून चाललो. परत जाऊन बसलो, तेव्हा बटाट्याचे पातळ काप आले, सायीत भाजलेले, वर चीज. तुझी आई म्हणाली असती, एवढी साय कुणी बटाट्यावर घालवतं का. काटा डाव्या हातात धरून खायचा सराव चालू आहे. वीस तारखेला लग्नाच्या जेवणात माझ्यामुळे रेणूला खाली बघायला लागू नये.

ऑलिव्हिएच्या आईवडिलांची भेट झाली. त्यांचं स्वतःचं रेस्टॉरंट आहे हे तुला माहीत आहेच. माणसं सभ्य वाटली.

निहारला आणि अनीशला आशीर्वाद.

बाबा


श्रूजबरी, ४ जून

बाबा,

तुमची मेल ऑफिसला निघताना गाडीत बसून वाचली आणि उशीर झाला. सूप संपवून उठलात ते निहारला वाचून दाखवलं, तर तो म्हणाला, मीही पहिल्यांदा हेच केलं असतं. तुम्ही गेल्यापासून अनीश संध्याकाळी खाली बेसमेंटमध्ये एकटाच कॅरम मांडून बसतो. विचारलं तर म्हणतो, “I'm just practicing.”

एक विचारू का? बटाट्यावर इतकं लिहिलंत आणि व्याह्यांवर एकच ओळ. ती ओळ मी बऱ्याचदा वाचली. ‘सभ्य वाटली’ असं तुम्ही कोराडीच्या इन्स्पेक्टरांबद्दल म्हणायचात. काही खटकलं का? एअरपोर्टवर निघताना मी तुम्हाला म्हणाले होते, ‘माणसं नीट बघून घ्या’. ते वाक्य आता मला नको वाटतंय. मला एवढंच म्हणायचं होतं की मी येऊ शकत नाही, तर माझ्याही वाटचं बघा. तुम्हाला ते परीक्षा घ्या असं तर ऐकू आलं नाही ना?

व्हिसाचं एक्स्टेन्शन अजून अडकलेलंच आहे. वकील परवा परत म्हणाला, आत्ता देशाबाहेर जाऊ नका, परत यायचं कठीण होईल. सख्ख्या बहिणीचं लग्न आणि मी इथे लॉन कापतेय.

शुगर तपासताय ना? साय रोज नको.

आसावरी


ट्रियर, ७ जून

ताई,

तुला फोन करणार होते, पण फोनवर मी रडेन आणि तू मला गप्प करत बसशील. त्यापेक्षा हे बरं.

गुरुवारी ऑलिव्हिएच्या आईवडिलांनी बाबांना जेवायला बोलावलं होतं, त्यांच्या रेस्टॉरंटमध्ये. ब्रिजितने दोन दिवस त्याचाच विचार केला. सगळं शाकाहारी, सूपसुद्धा मांसाच्या पाण्याशिवाय. जेरारने तीस वर्षांत कांद्याचं सूप तसं केलेलं नाही. तो म्हणत होता, यात आता कांद्यालाच सगळं काम करावं लागणार. आणि बाबा आले, बसले, पोट बिघडलंय म्हणाले. पाणीसुद्धा प्यायले नाहीत. त्यांच्या पिशवीत त्यांची बाटली होती, त्यातलं प्यायले.

ठीक आहे, पोट बिघडतं. पण काल संध्याकाळी ब्रिजित ब्रेड घेऊन येत होती, तर बाजारचौकातल्या दुसऱ्या फ्रेंच रेस्टॉरंटच्या खिडकीत बाबा. समोर मोठं ऑम्लेट, आणि व्यवस्थित चाललेलं. ते रेस्टॉरंट कुणाचं माहीत आहे? जेरारच्या हाताखाली शिकून, भांडून बाहेर पडलेल्या माणसाचं. जेरार वीस वर्षांत त्या दारात गेलेला नाही. मग कळलं की बाबा गावातल्या सगळ्या फ्रेंच रेस्टॉरंटमध्ये जेवून आलेत, एक सोडून.

ब्रिजित माझ्याशी अजून चांगलं वागते, म्हणूनच जास्त लागतं. ती म्हणाली, तुझ्या वडिलांना आम्ही नको असू तर आत्ताच कळू दे, लग्न पुढे ढकलू, काही घाई नाही. मी बाबांना विचारलं. ते म्हणाले, “बरं वाटलं, म्हणून गेलो.” तीन जिन्यांचं कारण सांगून माझ्या घरीही येत नाहीत. तुझ्याकडे रोज तळ्यावर फिरायला जायचे ना, चढ चढून?

तुला खरं काय ते माहीत असेल तर सांग. त्यांना ऑलिव्हिए नको आहे का? मी एक्केचाळीस वर्षांची आहे. त्यांच्या परवानगीशिवाय लग्न करू शकते, पण करणार नाही. बाबा तोंड फिरवून बसलेत आणि मी सही करतेय, असं मला जमणार नाही.

रेणू


श्रूजबरी, ७ जून

रेणू,

पाण्याच्या बाटलीपाशी आले आणि मला सगळं कळलं. ऑफिसच्या कॅफेटेरियात एकटीच हसले, समोरच्या माणसाने वर बघितलं.

अगं, त्यांना ऑलिव्हिए आवडला नसता तर ते तुला सरळ म्हणाले असते. हा त्यांचा नियम आहे. मुलीच्या सासरी तिचे आईवडील जेवत नाहीत, पाणीही पीत नाहीत, तिला मूल होईपर्यंत. तू तेव्हा जर्मनीला शिकायला गेली होतीस, म्हणून तू हे पाहिलं नाहीस. माझ्या लग्नानंतर पुण्याला सहकारनगरात यायचे, तेव्हा हीच बाटली. माझ्या सासूबाई ताट वाढून बसायच्या आणि हे म्हणायचे, आत्ताच खाऊन आलो. मग कोपऱ्यावरच्या हॉटेलात मिसळ खाताना माझ्या दिराने त्यांना पकडलं होतं. आई मात्र जेवायची. म्हणायची, नियम तुमचा, भूक माझी. अनीश झाला त्या वर्षी बाबा आमच्याकडे पहिल्यांदा जेवले.

जेरारचं रेस्टॉरंट म्हणजे त्यांच्या लेखी तुझं सासर. तुझ्या दारावर ऑलिव्हिएचं नाव आहे, म्हणून तेही सासर. तुम्हाला सांगायला लाजले असतील. जर्मनीत जाऊन हे कुठल्या तोंडाने सांगायचं. आणि बाकीची रेस्टॉरंटं म्हणजे तुझ्या लग्नाच्या जेवणासाठी काट्याचमच्याचा अभ्यास, हे त्यांनी मला स्वतः लिहिलंय. कुठलं कुणाचं, कोण कुणाशी भांडलंय, त्यांना काय माहीत?

मी त्यांना आत्ताच मेल केली आहे. मुद्दा बिनतोड आहे. त्यांना लिहिलं: लग्न वीस तारखेला आहे, मग आज सासर कुठून आलं? माझ्या साखरपुड्याला सहकारनगरात तुम्ही श्रीखंड-पुरी खाल्ली होती, फोटो आहे, तो जोडते आहे. तेव्हा लग्नाआधी खुशाल जेवा. आता त्यांना पळवाट नाही. ब्रिजितला नीट समजावून सांग. आज कितीतरी दिवसांनी मी डबा पूर्ण खाल्ला.

ताई


ट्रियर, ९ जून

ताई,

तू लिहिलंस ते मी दोनदा वाचलं. तू हसलीस. मला हसू आलं नाही.

मूल होईपर्यंत. हे तू अगदी सहज लिहून गेलीस.

दोन वर्षांपूर्वी माझं ऑपरेशन झालं, तेव्हा ऑलिव्हिएनंतर मी फक्त तुला सांगितलं होतं. मला मूल होणार नाही हे तुला माहीत आहे. बाबा सहा महिने तुझ्याकडे राहिले, म्हणजे त्यांनाही माहीत असणार. तुमच्या घरात काही लपत नाही. मग त्यांच्या नियमाचा अर्थ माझ्यापुरता काय होतो? ते माझ्या घरी कधीच जेवणार नाहीत. आणि हे माहीत असून ते बाटली घेऊन आले. तू त्यांना सुचवलंस की वीस तारखेच्या आत जेवून घ्या. मग एकवीसपासून?

त्यापेक्षा ऑलिव्हिए त्यांना आवडला नसता तर बरं झालं असतं. त्याचं काहीतरी करता आलं असतं.

ब्रिजितला मी काही सांगितलेलं नाही. काय सांगू?

रेणू


श्रूजबरी, ९ जून

रेणू,

बाबांना माहीत नाही. हे आधी वाच, मग बाकीचं.

मी त्यांना सांगितलेलं नाही. निहारलाही नाही. तू सांगू नकोस म्हणाली होतीस. हिवाळ्यात एकदा बाबा म्हणाले, रेणूचं आता वय झालं, पण डॉक्टर लोक हल्ली काय काय करतात. तेव्हा मी भांडी घासत होते, नळ मोठा केला आणि विषय बदलला. त्या दिवशी मला वाटलं, मी शब्द पाळला. आज वाटतंय, त्यांना तिथेच थोडं तयार केलं असतं, तर ते बाटली न घेता आले असते. यातलं कुठलं बरोबर, मला अजून ठरवता येत नाही. पण ते तुझ्याकडे आले तेव्हा त्यांच्या मनात तू त्यांना नातवंड देणारी मुलगी होतीस. तुला दुखवायला ते आलेले नाहीत, एवढं मी खात्रीने सांगते.

माझ्या मुद्द्याबद्दल मला वाईट वाटतंय. मी वकिलासारखी तारीख बघत बसले, आणि एकवीस तारीख मला दिसलीच नाही.

आता त्यांना कुणी सांगायचं? तू म्हणालीस तर मी लिहीन, आजच. पण न विचारता लिहिणार नाही. तुला स्वतः सांगायचं असेल तर मी गप्प बसेन. कुणालाच सांगायचं नसेल, तरी गप्प बसेन, पण मग माझं ऐक, बाबांना निर्दयी समजू नकोस.

फोन उशाशी ठेवते आहे.

ताई


श्रूजबरी, १२ जून

रेणू,

तुझं उत्तर नाही. बाबांचंही नाही. फोन केला तर ते म्हणाले, “हो, ठीक आहे, हवा छान आहे, ठेवतो.” मी त्यांना काही लिहिलेलं नाही, हे तुला कळावं म्हणून ही ओळ.

ताई


ट्रियर, १६ जून

आसावरी,

तुझ्या दोन मेल साठल्या आहेत. सावकाश लिहितो.

काल दुपारी मी चौकातल्या त्या रेस्टॉरंटमध्ये बसलो होतो. ते व्याह्यांच्या जुन्या माणसाचं आहे हे मला काल दुपारपर्यंत ठाऊक नव्हतं. रेणू आली आणि समोर बसली. वेटरने तिच्यापुढे मेन्यू ठेवला, तो तिने मिटून बाजूला सारला. मग तिने मला सगळं सांगितलं. ऑपरेशनचं, डॉक्टरांचं, आणि माझ्या नियमाचा तिच्यापुरता काय हिशेब होतो तो.

मी तिला विचारलं, “हे दोन वर्षं माझ्यापासून का ठेवलंस?”

ती म्हणाली, “तुम्हाला सोसणार नाही म्हणून.”

मी म्हणालो, “तुझी आई गेली ते सोसलं. तुम्ही दोघी बहिणी मला काचेचा समजता का?”

त्यावर ती रडायला लागली. वेटर बिचारा सॅलड घेऊन आला होता. तो आमच्याकडे बघून तसाच परत गेला.

हा नियम मी माझ्या वडिलांकडून घेतला. त्यांनी कारण सांगितलं नव्हतं आणि मी विचारलं नाही. मला वाटतं, मुलीचे आईवडील सासरी वरचेवर जाऊन बसले तर तिला बोलणी खावी लागत, म्हणून ते असेल. मूल झालं की घर तिचं झालं, असं धरत असावेत. रेणूच्या दारावर पाटी आहे, तिच्यावर तिचं नाव वर आहे आणि त्याचं खाली. हे मी पहिल्याच दिवशी पाहिलं होतं. पाहूनही मी पेन्शनीत जाऊन राहिलो. खरं सांगायचं तर नियम पाळताना आपण काहीतरी मोठं करतोय असं वाटतं, आणि तुझी आई गेल्यावर मुलीचा बाप म्हणून करण्यासारखं माझ्याकडे फार काही उरलेलं नाही. पाणी न पिणं मला जमत होतं, तेवढं मी करत होतो.

तुझा मुद्दा वाचला, फोटोही पाहिला. मुद्दा बरोबर आहे. पण त्याने माझं एक जेवण सुटलं असतं आणि पुढची सगळी अडकली असती.

मी रेणूला म्हणालो, मग आपण इथे काय करतोय? चल. सॅलडचे पैसे दिले आणि निघालो. या वेळी वेटर मागे आला नाही.

व्याह्यांचं दुपारचं काम आटोपलं होतं. खुर्च्या टेबलांवर चढवलेल्या होत्या. ब्रिजितबाई फरशी पुसत होत्या. मला बघून त्या सरळ उभ्या राहिल्या, या म्हणाल्या नाहीत, आणि ते योग्यच होतं. मी रेणूला म्हणालो, यांना सांग, मी जेवायला आलोय, आणि न जेवण्याचं कारणही सांग. तिने सगळं सांगितलं. किती सांगितलं ते मला कळलं नाही, भाषा त्यांची होती. पण मध्येच ब्रिजितबाईंनी हातातला दांडा भिंतीला टेकवला आणि रेणूचा चेहरा दोन्ही हातांत धरला. तिच्या ऑपरेशनचं त्यांना ऑलिव्हिएकडून आधीच कळलेलं होतं. आपल्या तिघांत फक्त मलाच माहीत नव्हतं.

जेरारसाहेब आतून सगळं ऐकत होते. बाहेर आले, हात पुसले आणि एकच प्रश्न विचारला. रेणूने मराठीत सांगितला: “तुम्ही गावभर जेवलात. कांद्याचं सूप सगळ्यात चांगलं कुणाचं?”

मी म्हणालो, सांग त्यांना, एक प्यायचं राहिलंय, त्याशिवाय निकाल देता येणार नाही.

ते हसले नाहीत, पण त्यांनी एक खुर्ची खाली उतरवली आणि मला बसवलं. सूप संपलं होतं. त्यांनी ऑम्लेट केलं, स्वतः आणलं आणि समोर बसून राहिले. मी काटा डाव्या हातात धरला. त्यांनी बघितलं आणि हाताने खूण केली, राहू दे, जमेल तसं खा. मग त्यांनी पावाचा तुकडा मोडून, माझ्या ताटातलं लोणी टिपून दाखवलं, कसं खायचं ते. म्हणजे इतक्या दिवसांचा माझा अभ्यास फुकट गेला. पाणीही प्यायलो, त्यांच्या ग्लासातलं.

लग्न वीसलाच आहे. तुला काळजी वाटत राहिली असेल, म्हणून लिहितो. तू रेणूचा शब्द पाळलास याचा मला राग नाही. थोडं वाईट वाटलं, तेही आता नाही.

बाबा


ट्रियर, २१ जून

ताई,

काल विवाह कार्यालयात तुला व्हिडिओवर घेतलं होतं, पण ऑलिव्हिएच्या भावाने फोन बराच वेळ छताकडे धरला होता, त्यामुळे तुला झुंबर जास्त दिसलं असेल. सही मी मराठीत केली. बाबा पुढच्या रांगेत बसले होते, सूट घालून, आणि अधिकारी जर्मनमध्ये बोलत असताना प्रत्येक वाक्याला मान हलवत होते. जेरारचं मांसाच्या पाण्याशिवायचं सूप पुन्हा झालं. बाबांनी निकाल दिला की दुसरा नंबर. जेरारने पहिला कुणाचा ते विचारलं नाही, आणि बाबांनी सांगितलं नाही. त्या दोघांचं आता आपल्याआपल्यात काहीतरी चालतं.

पण हे त्यासाठी लिहीत नाही. आज एकवीस तारीख. सकाळी आठच्या सुमाराला बेल वाजली. बाबा तीन जिने चढून आले होते, हातात बाटली वगैरे काही नाही. म्हणाले, “नाश्त्याला काय आहे?” मी उपमा केला. घाईत केला, रवा नीट भाजला गेला नाही. ऑलिव्हिए त्यांच्याशेजारी बसून खात होता. बाबांनी पहिला घास घेतला आणि म्हणाले, “मीठ कमी आहे.” मग आणखी वाढून घेतला. परत वाढून घेतला. निघताना म्हणाले, “उद्या रवा चांगला भाज.”

दुपार झाली तरी मी ती कढई घासलेली नाही.

रेणू


श्रूजबरी, २१ जून

रेणू,

तुझी मेल आली तेव्हा मी अनीशच्या शाळेच्या पार्किंगमध्ये होते, त्याची मॅच संपायची वाट बघत. तो गाडीत येऊन बसला आणि म्हणाला, “Are you crying?” मी म्हणाले, नाही रे, आजोबांनी मावशीच्या उपम्याला नावं ठेवली. तो म्हणाला, “So?”

त्याला काय सांगणार. बाबा पाहुणे म्हणून गेले की सगळ्याला छान म्हणतात. सहकारनगरात सासूबाईंच्या खारट आमटीलाही छान म्हणाले होते. माझ्याकडे सहा महिने होते, रोज सकाळी माझा चहा पांचट आहे म्हणायचे, आणि मी रोज थोडी चिडायचे.

उद्या रवा चांगला भाज.

ताई